चादरीचा कान

सासूबाई रोज संध्याकाळी मला सुईत दोरा ओवायला लावायच्या, आणि रोज संध्याकाळी माझं डोकं फिरायचं. दिवसभर चीक गाळून, ट्रे लावून, रोलर फिरवून मी जरा कुठे पाय पसरून बसावं, की ओट्यावरून हाक यायचीच, "अगं, एवढी सुई ओवून दे."

बरं, शिवणार काय? गेल्या सहा वर्षांत त्यांची नजर इतकी गेली होती, की दारात माणूस उभा आहे की दारावर टॉवेल वाळत घातलाय हे त्यांना आवाजावरूनच कळायचं. ओवलेली सुई त्या खांबाला बांधलेल्या चिंधीत खोचून ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी तोच दोरा ओढून काढायच्या आणि पुन्हा हाक. मी फणकारत उठायची, सुई उजेडाकडे धरायची, दोरा ओवायची आणि "झालं!" म्हणून त्यांच्या हातात आपटायची. सुई आपटता येत नाही, पण मी प्रयत्न करायची.

वस्तीत मला ठिणगी म्हणतात. लग्न होऊन आले त्याच महिन्यात हे नाव पडलं आणि खोटं कशाला बोलू, चुकीचं पडलं नाही.

आमची वस्ती म्हणजे रानातली अकरा घरं. अकराही घरं रबराच्या झाडांवर जगतात. आमचे हे उजाडायच्या आत रानात जातात, वाकड्या सुरीने झाडाच्या सालीची बारीक चीर काढतात, खाली वाटी अडकवतात. ऊन चढेपर्यंत वाटीत पांढरा चीक साठतो. तो घरी आला की माझं काम सुरू. गाळायचा, पाणी घालायचं, ॲसिड घालून ट्रेमध्ये लावायचा. सकाळपर्यंत दह्यासारखा घट्ट होतो. मग रोलरमधून काढला की हातभर रुंद, ओली, पांढरी चादर तयार होते. ती वाळली की झालं रबर.

वाळवायचं कुठे, ही खरी गोष्ट. वस्तीत एकच धूरघर होतं. मातीच्या भिंती, खिडकी नाही, मधे खड्डा, खड्ड्यात ओलसर लाकडं धुमसत ठेवायची. अकरा घरांच्या चादरी चार-पाच दिवस तिथे टांगलेल्या असायच्या. धूरघर सगळ्यांचं, पण किल्ली सासूबाईंच्या कमरेला. चाळीस वर्षं आत जाऊन लाकूड सारायचं, चादरी उलटवायच्या आणि लालभडक डोळ्यांनी बाहेर यायचं, हे त्यांचंच काम. त्यामुळे मानही त्यांचाच. "चादरी कधी निघतील?" हे विचारायला वस्तीतला मोठा शहाणासुद्धा त्यांच्यापुढे अदबीने उभा राहायचा.

ती किल्ली मला हवी होती. एकोणीस वर्षं हवी होती. दरवेळी एकच उत्तर मिळायचं, "तुला धूर जमत नाही. हो बाजूला." अहो, मला आतच जाऊ दिलं नाही, तर जमत नाही हे कळलं कुठून? नजर गेल्यावरही त्या चाचपडत आत जायच्या. मी एकदा चारचौघांत म्हटलं, "न बघता तुम्हाला जमतं आणि दोन डोळे असून मला जमणार नाही?" त्या म्हणाल्या, "नाही." एवढंच. चारचौघं हसले. त्या दिवशी मी दोन वेळा जेवले नाही, आणि त्यांनी मला दोन्ही वेळा जेवायला बोलावलं, ह्याचा मला आणखीनच राग आला.

मग हिवाळ्यात त्यांचा तोल गेला आणि उजव्या हाताचा तळवा धुमसत्या खड्ड्यात टेकला. चांगलाच भाजला. आमचे हे कधी नाही ते मोठ्याने बोलले, "आई, आता पुरे. धूर ही बघेल." सासूबाईंनी भाजलेल्या हातानेच किल्ली घट्ट धरली. म्हणाल्या, "मी आहे अजून."

त्याच सुमाराला मापबाई वस्तीत आल्या. रानातल्या लहान लहान वस्त्यांना रबर नीट करायला शिकवणाऱ्या एका संस्थेतर्फे त्या फिरायच्या. खांद्याला पिशवी आणि पिशवीत काचेचं माप. आमच्याकडे ॲसिड घालायचं म्हणजे सगळं अंदाजपंचे. हवा गार असेल तर एक शिंतोडा जास्त, घाई असेल तर दोन. मापबाईंनी सगळ्यांसमोर एका ट्रेमध्ये मापून घातलं, दुसऱ्यात मी माझ्या हाताने घातलं. सकाळी त्यांची चादर मऊ, लवचीक, आणि माझी वहाणेच्या तळासारखी. मी म्हटलं, "ट्रे वाईट होता." त्यांनी ट्रे बदलून पुन्हा करून दाखवलं. मग मी गप्प बसले, आणि मी गप्प बसले ही बातमी संध्याकाळपर्यंत अकरा घरांत पोचली.

त्यांनी बारीक जाळीची गाळणी दिली, रोलरमधलं अंतर पत्र्याच्या तुकड्याने मोजायला शिकवलं आणि शेवटी वाळवणघराची गोष्ट काढली. लाकडी सांगाडा, वरून जाड पारदर्शक प्लॅस्टिक, खाली काळे दगड, दोन्ही बाजूंना वाऱ्यासाठी झडपा. उन्हाच्या उबेवर चादर वाळायची. लाकूड नको, धूर नको. मापबाई म्हणाल्या, "वाळवणघर मी उभं करून देते. पण माझ्याकडे अशी दोनच आहेत आणि मागणाऱ्या वस्त्या बऱ्याच. तीन वेळा रबराच्या कारखान्याला माल पाठवा. तिसऱ्या खेपेपर्यंत कारखान्याने माल पहिल्या प्रतीचा म्हणून घेतला, तर हे घर तुमचं. नाही घेतला, तर मला ते उचलून दुसरीकडे न्यावं लागेल."

सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. मला वाटलं, आता सासूबाई पदर खोचून उभ्या राहणार. धूरघर गेलं की किल्लीचा मान गेला. पण सगळ्यांच्या आधी हात वर झाला तो त्यांचाच, पट्टी बांधलेला. "उभं करा," त्या म्हणाल्या. "आजच करा." मी चाट पडले.

पहिली खेप परत आली ती आमच्या ह्यांच्यामुळे. झाडाच्या चिरेवर आदल्या दिवशीचा चीक वाळून त्याची दोरी होते. ती ओढून काढायची आणि चिकाच्या बादलीत टाकायची, ही यांची लहानपणापासूनची सवय. झाडाचं काही वाया घालवायचं नाही म्हणून. त्या दोरीबरोबर सालीचा चुरा यायचा आणि चादरीत काळे ठिपके दिसायचे. मी त्यांच्या कमरेला वेगळी पिशवी बांधली आणि म्हटलं, "दोरी हिच्यात. बादलीत दिसली तर रात्रीचं जेवण त्याच बादलीत." ठिपके बंद झाले.

दुसऱ्या खेपेला मी डोळ्यांत तेल घालून काम केलं. तरी माल परत. वर चिठ्ठी, 'सर्व चादरींचा एक कोपरा पांढरा. आतून कच्चा.'

मापबाई झडपा तपासत बसल्या. मी त्यांच्यावरही तोंड टाकलं, "तुमच्या घरातच खोट आहे!" पण मनात धाकधूक सुरू झाली होती. आता एकच खेप उरली होती. वाळवणघर गेलं तर पुन्हा धूरघर पेटणार, आणि किल्ली सोडायला तयार नसलेली ही बाई भाजका हात घेऊन पुन्हा त्या खड्ड्यापाशी जाणार. पुढच्या वेळी नुसता तळवा भाजून भागणार नाही, हे मला दिसत होतं. माझा किल्लीचा हट्ट मीच विसरून गेले होते.

परत आलेली एक चादर मी दुपारच्या उन्हासमोर धरली. धुरात वाळलेली चादर काळपट असते, तिच्यातून काही दिसत नाही. ही मात्र मधाच्या रंगाची, स्वच्छ. पलीकडची झाडं दिसत होती, कुंपण दिसत होतं. फक्त कोपऱ्यात एक पांढरा त्रिकोण होता. आणि तो त्रिकोण मला नीट ओळखीचा होता. तो आमचा कान होता.

हे सांगायला हवं. धूरघर सामाईक, म्हणून कुणाची चादर कुठली हे कळायला प्रत्येक घर ओल्या चादरीचा एक कोपरा आपापल्या पद्धतीने दुमडायचं. त्याला आम्ही कान म्हणतो. आमच्या घराची एक घडी. शेजारच्या काकूंच्या दोन घड्या, म्हणून त्या दुघडी काकू. पलीकडचे काका कोपरा पिळायचे, म्हणून ते कानपिळे. ओलं रबर दुमडलं की एकमेकाला चिकटतं, जाडी दुप्पट होते. मग आत ऊब पोचणार कशी? अकरा घरांचे अकरा कान, आणि अकराही कच्चे. धूरघरात काळ्या रंगाखाली हे कुणाला दिसलंच नव्हतं.

आणि आमच्या घराचा कान दुमडायचं काम होतं सासूबाईंचं. नजर गेल्यापासून रोलर त्यांच्याकडे नव्हता, गाळणं नव्हतं, आता धूरही नव्हता. रोलरमधून निघालेली चादर त्यांच्या मांडीवर यायची, त्या बोटांनी कडा शोधायच्या, कोपरा धरायच्या, दुमडायच्या, अंगठ्याने दाबायच्या. दिवसाला दहा-बारा चादरी. तेवढंच उरलं होतं. तेही काढून घ्यायचं, हे सांगायला माझी जीभ रेटेना. माझी! जिला बोलू नकोस म्हणून लोक हात जोडतात, तिची.

म्हणून मी लबाडी केली. तिसऱ्या खेपेचं काम सुरू झालं, तेव्हा सासूबाई कान दुमडायच्या आणि मी चादर वाळवणघरात टांगताना तो चिकटायच्या आत गुपचूप उघडायची. मी मापबाईंना तो त्रिकोण दाखवला होता आणि बाकी घरांना त्यांनी सांगितलंच होतं, त्यांनी खूण म्हणून सुतळी बांधायला सुरुवात केली होती. फक्त आमच्या घरात नाटक चाललं होतं. दोन दिवस छान चाललं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रे धूत होते आणि अंगणातून आवाज आला. सासूबाई वाळवणघराच्या दारात उभ्या, हातात आमची चादर.

"कोणाचे हात शिवशिवतायत? या समोर!"

कानपिळे काका अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून बाहेर आले. दुघडी काकू आल्या. हळूहळू वस्ती जमली.

"आमच्या चादरींचे कान उघडलेत कुणीतरी," सासूबाई कडाडल्या. "एकूण एक! आमची खूण पुसून आमचा माल आपला म्हणायचा बेत आहे काय? नजर गेली माझी, बोटं नाही गेली!"

"अहो, आमच्यावर आळ घेता?" दुघडी काकूंचा आवाज चढला. "चाळीस वर्षं शेजारी राहून?"

"तुमचं नाव घेतलं का मी? अंगाला कशाला लावून घेता?"

काका साबणासकट मधे पडले आणि दोघींनी मिळून त्यांना गप्प केलं. चोरीचा शब्द आमच्या वस्तीत त्याआधी कधी उच्चारला गेला नव्हता. आणखी दोन मिनिटं गेली असती, तर तो परत घेता आला नसता.

"मी उघडले," मी म्हणाले.

"तू?" सासूबाईंनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "आपल्याच घराचा कान?"

त्यांनी चादर खाली ठेवली. दुघडी काकूंच्या दिशेने हात जोडले आणि भिंतीला हात लावत लावत धूरघरापाशी गेल्या. तिथल्या पायरीवर बसल्या. धूरघर महिनाभर थंड होतं, तरी जुन्या सवयीने डोळे पुसू लागल्या. का खरंच रडत होत्या, मला कळलं नाही.

मी परत आलेल्या मालातली एक चादर आणि सुरी घेऊन त्यांच्यापाशी गेले. कोपरा चिरला आणि त्यांच्या हातात दिला. "आई, हे बघा."

त्यांनी बोटाने आत चाचपलं, मग नाकाशी नेलं. आंबूस वास मलासुद्धा येत होता.

"कच्चा आहे," त्या म्हणाल्या. आणि पुन्हा बोट आत घालून, "चाळीस वर्षं दुमडतेय मी. चाळीस वर्षं कच्चा?"

"धुरात दिसत नव्हतं. कुणालाच दिसलं नाही."

"आणि ही खेप परत आली तर वाळवणघर जाणार."

"हो."

"मग धूर?"

"धूर मी बघेन," मी म्हटलं. "तुम्हाला तर मी आता पायरीसुद्धा चढू देणार नाही. हात भाजून घेतलात तेवढं पुरे झालं."

त्या ताडकन उठल्या. "मी जिवंत असेपर्यंत तू त्या दारातून आत जाणार नाहीस."

"का? मला जमत नाही म्हणून?"

"जमलं असतं! म्हणूनच!"

त्या पुन्हा बसल्या आणि एकदम हळू बोलायला लागल्या. "माझ्या सासूने पहिल्याच वर्षी किल्ली माझ्या हातात दिली. मला केवढा मान वाटला होता! आधी डोळे चुरचुरायचे. मग सारखं पाणी. पस्तिशीत मला झाडावरची चीर दिसेना. पोराचं तोंड जवळ घेऊन बघायला लागले. तू आलीस, तेव्हा उभ्या उभ्या ताटातल्या तांदळातला खडा दाखवायचीस. असले डोळे मी धुरात घालू?"

कुणाला काय वाटलं असतं मला ठाऊक नाही. मला आधी राग आला. "मग सांगायचं नाही? एकोणीस वर्षं मी तुमच्या नावाने बोटं मोडतेय!"

"सांगितलं असतं, तर मुद्दाम गेली असतीस. ठिणगी ना तू."

त्या हसल्या. मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर बाकीचंही सगळं आलं. मी त्यांचा भाजलेला तळवा हातात घेऊन तिथेच खाली बसले. एकोणीस वर्षं ज्या बाईने शिव्याशाप झेलून माझे डोळे राखले, तिला काय म्हणायचं? आभार हा शब्द घरात बोलायला गेलं की सभेत उभं राहिल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, "चहा ठेवू?"

"ठेव. आणि येताना दाभण आण. कान दुमडायचा नाही ना? मग टोचू. आपल्याला एक भोक, त्यांना दोन. भोकाने काही कच्चं राहत नाही."

सुतळीपेक्षा हे बरं होतं, सुतळीचे धागे रबराला चिकटत होते. दुपारपर्यंत सगळ्या घरांच्या ओल्या चादरी टोचायला सासूबाईंच्या मांडीवर यायला लागल्या. पहिल्यांदा दुघडी काकू आल्या. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "सकाळचं मनात ठेवू नका." काकू म्हणाल्या, "ठेवणार. पण आधी टोचून द्या." आणि टोचताना एक भलतीच गोष्ट लक्षात आली. सासूबाईंची बोटं चादरीवरून एकदा फिरली, की कुठे जाड आहे, कुठे कण राहिलाय, हे त्या न चुकता सांगायच्या. "ही परत रोलरमधून काढ." "काका, तुमच्या गाळणीला भोक पडलंय, बघून घ्या." काकांनी बघितलं. पडलं होतं.

तिसऱ्या खेपेचा माल बघायला मापबाईंबरोबर कारखान्याचे तपासनीस स्वतःच आले. नुसत्या आमच्या घराच्याच चौऱ्याऐंशी चादरी. ते एकेक उचलायचे, उन्हासमोर धरायचे, बाजूला ठेवायचे. तोंडावरची माशी हलत नव्हती. सासूबाई ओट्यावर बसून प्रत्येक चादरीची फडफड ऐकत होत्या. एका चादरीपाशी ते थांबले.

"हिच्यात मुंगी आहे," ते म्हणाले.

"आमच्या ह्यांची असेल," मी म्हटलं, आणि पहिल्यांदाच ते हसले. "एक मुंगी चालेल. माल पहिल्या प्रतीचा. सगळा."

मापबाईंनी माझा हात दाबला. वस्तीतले लोक त्यांच्याभोवती गोळा झाले, कुणी पाया पडायला लागलं, त्या मागे सरकायला लागल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांसमोर म्हटलं, "बाई, तुमचे फार उपकार झाले. ट्रे वाईट नव्हता." त्या म्हणाल्या, "ते मला तेव्हाच माहीत होतं. पण मी तर नुसतं माप आणलं. ही बोटं तुमच्याच घरातली."

लोक पांगल्यावर सासूबाईंनी कमरेची किल्ली सोडली आणि माझ्यापुढे धरली. घासून घासून तिचे दात झिजले होते. "घे. मागत होतीस ना?"

"आता काय करू हिचं?"

"लाकडं ठेव, ट्रे ठेव. तुझं तू ठरव. आता आत धूर नाही."

मी ती घेतली. हातात ऊबदार लागली, त्यांच्या अंगाची ऊब. मी दार उघडून आत गेले. चाळीस वर्षांच्या काजळीने काळ्या झालेल्या भिंती मी पहिल्यांदाच नीट पाहिल्या. बाहेर आले, तर ओट्यावरून हाक आली.

"अगं, एवढी सुई ओवून दे."

मी सुई मावळत्या उजेडाकडे धरली. दोरा पहिल्याच झटक्यात आरपार गेला. "झालं," मी म्हटलं, आणि सासूबाईंनी हलकेच श्वास सोडला. रोजच सोडत असणार. मी ओरडत असायची म्हणून मला कधी ऐकू आला नव्हता.

मी सुईकडे पाहिलं. चिंधीकडे पाहिलं. चिंधीला एक टाका नव्हता.

"तुम्ही माझे डोळे तपासत होता," मी म्हटलं. "रोज."

"दाराबाहेर बसलं तरी धूर येतोच. मला दिसत नाही, मग कळणार कसं? आणि विचारलं असतं, तर म्हणाली असतीस, मला काय धाड भरलीय." त्यांनी सुई माझ्या हातून घेतली, चाचपली, खोचून ठेवली. "आता काळजी नाही. उद्यापासून हाक नाही मारणार. सुटलीस."

"खबरदार," मी म्हणाले. "उद्या हाक आली नाही तर बघा!"